भातसा जलमार्ग व वाशिंद

भातसा जलमार्ग : महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात भातसा नदीवर बांधलेल्या धरणापासून निघणारी पाण्याची वाट. तिचे दोन भाग पडतात. धरणाखालील नदीचे नैसर्गिक पात्र हा पहिला भाग. या पात्रातून सोडलेले पाणी सु. ४० ते ५० किमी. प्रवास करून भिवंडी तालुक्यातील पिसे येथे पोहोचते व तेथून मुंबईकडे वळविले जाते. शेतीसाठी काढलेला कालवा हा दुसरा भाग. वाशिंद हे भातसेच्या काठचे व मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील गाव पहिल्या भागाच्या वाटेवर आहे. घाटवाटा, लोहमार्ग, महामार्ग आणि महानगराचा पाणीपुरवठा या चारही गोष्टी या गावाच्या परिसरात एकत्र येतात. म्हणून शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचा विचार करताना या जलमार्गाचा व वाशिंदचा एकत्र विचार करणे सोयीचे ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी : शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. शहापूर तालुक्याचे पाणी मुख्यतः भातसा व तानसा या नद्यांतून वाहून जाते, तर मुरबाड तालुक्याचे काळू, शाई, मुरबाडी व बारवी या नद्यांतून. भातसा नदी कसारा (थळ) घाटाच्या परिसरातून खाली येते. चोरणा ही तिची उपनदी होय. भातसा पुढे काळूस मिळते व काळू कल्याणच्या परिसरात उल्हास नदीस मिळते. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगाव येथे भातसा नदी ओलांडतो. दोन तालुक्यांचे दळणवळण अशा रीतीने याच नदीवरील पुलावर अवलंबून राहिले आहे.

या प्रदेशात पाऊस विपुल पडतो, परंतु तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. खडक बेसाल्टचा, मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र असल्यामुळे पडलेले पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. मार्च उजाडताच ओढे आटतात, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि नद्यांच्या पात्रात केवळ डोह शिल्लक राहतात. खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नागली व वरी ही येथील परंपरागत पिके. राब भाजणे, पेरणी, आवणी व कापणी ही सर्व कामे पावसाच्या वेळापत्रकाने बांधलेली असत. भात कापून झाले की शेती संपे आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी इ. समाजांतील अनेक कुटुंबे मजुरीच्या शोधात बाहेर पडत. पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही आणि दुसरे पीक नाही म्हणून स्थलांतर, हे येथील ग्रामीण अर्थव्यवस्थेचे जुने सूत्र होय. १९८५ च्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

प्राचीन व मध्ययुगीन वाटा : पाण्याच्या आधी या प्रदेशातून माल वाहत होता. कल्याण बंदरातून देशावर जाण्याच्या दोन प्रमुख वाटा येथून जात. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट सातवाहनकाळी जुन्नरकडे जाण्याचा मार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यातील सातवाहन राणी नागनिका हिचा कोरीव लेख प्रसिद्ध आहे. दुसरी वाट भातसेच्या खोऱ्यातून थळ घाटाने नासिककडे जाई. या वाटेवर नजर ठेवणारा शहापूरजवळचा माहुली किल्ला निजामशाहीच्या अखेरच्या काळात महत्त्व पावला. १६३६ मध्ये शहाजी राजांनी निजामशाही राखण्याचा अखेरचा प्रयत्न येथूनच केला व त्याच वर्षी त्यांना किल्ला सोडावा लागला. या दोन्ही वाटांचा हेतू एकच होता : समुद्रकिनारा व देश यांना जोडणे. वाटेवरील गावांना त्यातून मुक्काम, जकात आणि बैलगाड्यांचे भाडे एवढाच लाभ होई.

रेल्वेचे आगमन व वाशिंद : मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत आणि १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत पोहोचला. तेथे काम काही काळ थबकले. आसनगावपर्यंतचा पुढचा टप्पा १८६० मध्ये, कसाऱ्यापर्यंतचा १८६१ मध्ये आणि थळ घाटातील अवघड चढण पार करून इगतपुरीपर्यंतचा १८६५ मध्ये खुला झाला. सु. पाच वर्षे वाशिंद हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या ईशान्य शाखेचे शेवटचे स्थानक होते. देशावरून उतरणारा माल या काळात गाड्या-बैलांवरून रेल्वेवर चढविण्याचे ते ठिकाण होते.

लोहमार्ग पुढे सरकताच हे महत्त्व संपले. अंत्यस्थानकाचे गाव मधले स्थानक बनले. मात्र रेल्वेचा एक परिणाम टिकून राहिला. या खोऱ्यातील लाकूड, कोळसा, गवत व भात मुंबईस पाठविणे सुलभ झाले आणि मुंबईतील अभियंत्यांना या डोंगरांतील पाण्याची पाहणी करणे व तेथे बांधकामाचे साहित्य नेणे शक्य झाले. शहापूर तालुक्यातील पाणीयोजनांचा इतिहास या अर्थाने रेल्वेच्या इतिहासाचाच उत्तरार्ध आहे.

तानसा : पहिली कृत्रिम पाणवाट : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई शहरास विहिरी व तळी यांचे पाणी अपुरे पडू लागले. त्यावर उपाय म्हणून साष्टी बेटावर विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधण्यात आले. तेही पुरेनात. तेव्हा मेजर टलक यांनी १८७० नंतरच्या दशकात सुचविलेल्या तानसा योजनेकडे नगरपालिकेने लक्ष वळविले. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर सु. २.८ किमी. लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले व १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते योजनेचे उद्‌घाटन झाले. या तलावास सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक आटगाव हे होय.

तानसाचे पाणी मुंबईस नेण्यासाठी ८० किमी.हून अधिक लांबीची वाहिनी घालण्यात आली. तिचा काही भाग दगडी बांधकामाच्या बंदिस्त नालीचा व काही भाग बिडाच्या नळांचा होता. जमिनीचा उतार साथ देई तेथे नाली आणि दऱ्या व खाड्या आडव्या येत तेथे नळ, अशी रचना होती. पंपाची गरज नव्हती. तलाव शहरापेक्षा उंच असल्याने पाणी आपल्या भाराने वाहत जाई. मुंबईची वाढती गरज भागविण्यासाठी ही योजना १९४८ पर्यंत चार टप्प्यांत वाढविण्यात आली. त्यांपैकी १९२५ च्या सुमारास घातलेले १.८ मी. व्यासाचे पोलादी नळ विशेष उल्लेखनीय आहेत.

तानसा वाहिनीने एक पायंडा पाडला, तो नंतरच्या सर्व योजनांत टिकून राहिला. वाहिनी बंदिस्त होती. ती ज्या गावांच्या शिवारांतून गेली, त्यांना तिचे पाणी घेण्याची सोय नव्हती. कालवा उघडा असतो. त्याच्या काठी गुरे पाणी पितात, बाया कपडे धुतात, पाझराने विहिरींचे पाणी वाढते. बंद नळातून यांपैकी काहीच होत नाही. नळाशेजारचा देखभालीचा रस्ता मात्र गावकऱ्यांच्या उपयोगी पडला.

स्वातंत्र्योत्तर काळात वैतरणा नदीवरील मोडकसागर हा जलाशय १९५० नंतरच्या दशकात पुरा झाला. मुंबई महानगरपालिकेचे अभियंता न. वि. मोडक यांचे नाव त्यास देण्यात आले. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा योजना १९७० नंतरच्या दशकात व मध्य वैतरणा योजना २०१२ च्या सुमारास कार्यान्वित झाली.

भातसा प्रकल्प : तानसा व वैतरणा या योजना शहराच्या पाण्यासाठीच आखल्या होत्या. भातसा प्रकल्पाची कल्पना वेगळी होती. तो राज्याच्या पाटबंधारे खात्याचा बहुउद्देशीय प्रकल्प असून त्याचे हेतू तीन होते : शेतीस पाणी, शहरास पाणी आणि वीज. शहापूरजवळ माती व दगडी बांधकामाचे ८८.५ मी. उंच व ९५९ मी. लांब असे धरण बांधण्यात आले. त्याचे काम १९८३ च्या सुमारास पुरे झाले. जलाशयाचा उपयुक्त साठा सु. ९४ कोटी घ.मी. असून पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १४२.०७ मी. असते. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत्‌केंद्र आहे. धरणाच्या कामासाठी वसविलेली वसाहत भातसानगर या नावाने ओळखली जाते.

जलाशय भरू लागल्यावर खर्डीच्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. १५ सप्टेंबर १९८३ रोजीचा धक्का त्यांत सर्वांत मोठा म्हणजे ४.९ महत्तेचा होता. कोयनेच्या अनुभवानंतर (१९६७) जलाशयामुळे उद्‌भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात भातसाचे उदाहरण भूभौतिकीविज्ञांनी आवर्जून विचारात घेतले. पुढे धक्क्यांची तीव्रता ओसरली.

पाण्याखाली गेलेल्या जमिनींचा व पाड्यांचा प्रश्न अधिक काळ टिकला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. भातसाचे काम त्यापूर्वीच सुरू झालेले होते. पर्यायी जमीन, गावठाणाचा दर्जा, नोकरीतील अग्रक्रम व नागरी सुविधा या मागण्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांनाही करीत राहाव्या लागल्या. ज्यांची जमीन जलाशयासाठी गेली, त्यांच्या वस्त्यांना त्याच जलाशयाचे पाणी मिळावे ही त्यांतील सर्वांत साधी मागणी होय.

नदीचा कालवा : मुंबईसाठी धरणापासून बंद नळ न घालता नदीचे पात्रच वाहिनी म्हणून वापरावे, ही या प्रकल्पाची लक्षणीय बाब ठरली. वीजकेंद्रातून व विमोचकातून सोडलेले पाणी भातसेच्या पात्रातून सापगाव, वाशिंद व खडवली यांच्या परिसरातून वाहत पिसे येथे येते. तेथे बंधाऱ्याने ते अडवून पंपांनी उचलतात, पांजरापूर येथे शुद्ध करतात व येवई येथील संतुलन जलाशयातून मुंबईकडे पाठवितात. मुंबईसाठी भातसाचे पाणी उचलण्याची योजना १९८० च्या सुमारास सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. पहिल्या तीन टप्प्यांत प्रत्येकी दररोज ४५५ दशलक्ष लि. पाण्याची भर पडली.

या व्यवस्थेमुळे नळ घालण्याचा मोठा खर्च वाचला आणि नदीकाठच्या गावांना अनपेक्षित लाभ झाला. पूर्वी उन्हाळ्यात डोहापुरती उरणारी भातसा बारमाही वाहू लागली. वाशिंदसारख्या गावांच्या नळयोजना, काठची भाजीची शेती आणि १९८० नंतर या पट्ट्यात वाढलेले कारखाने यांना तिचा आधार मिळाला. वाशिंद येथे १९८२ मध्ये पोलादाचा कारखाना निघाला. रेल्वेच्या उपनगरी गाड्या, मुंबई-आग्रा महामार्ग व नदीचे पाणी यांमुळे गावाचे स्वरूप पालटले. शेती व मजुरी यांबरोबर कारखान्यांतील व मुंबई-ठाण्यातील नोकरी हा उपजीविकेचा मार्ग बनला.

नदी कालवा झाली तरी नदीपणही सोडत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडावे लागतात तेव्हा सापगाव, वाशिंद व खडवली परिसरातील काठच्या वस्त्यांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. उन्हाळ्यात पात्रातील पाण्याची पातळी विसर्गानुसार बदलते. गावाचे व कारखान्यांचे सांडपाणी नदीत जाऊ न देणे ही केवळ गावाच्या आरोग्याची बाब उरलेली नाही, कारण खाली पिसे येथे तेच पाणी महानगरासाठी उचलले जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये धरणाच्या वीजकेंद्रात पाणी शिरल्यामुळे विसर्गात अडथळा आला आणि मुंबईत पाणीकपात करावी लागली. एका नदीपात्रावर किती मोठी लोकसंख्या विसंबून आहे, याची जाणीव या घटनेने करून दिली.

शेतीचा कालवा : भातसाच्या उजव्या तीरावरील कालव्याने शहापूर व भिवंडी तालुक्यांतील काही गावांना पाणी मिळाले. कालवा डोंगराच्या कडेने, जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला धरून, अल्प उताराने नेलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते, वरच्या अंगाची भिजत नाही. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकांतून लघुवितरिका व शेवटी शेतचाऱ्या असा पाण्याचा प्रवास असतो. रब्बी व उन्हाळी हंगामांत ठरावीक आवर्तनांनी पाणी सोडले जाते. जेथे ते वेळेवर पोहोचले, तेथे उन्हाळी भात, काकडी, भेंडी व अन्य भाजीपाला यांची लागवड वाढली. वर्षाचे दुसरे पीक हाती आल्याने स्थलांतरही तेवढ्यापुरते कमी झाले. एका गावाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे. दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या पाड्यात मुले वर्षभर शाळेत जाऊ लागतात, हे त्याचे खरे मोजमाप होय.

परंतु कालव्यांची प्रगती शहराच्या पाणीयोजनेच्या तुलनेने मंद राहिली. डाव्या तीरावरील कालव्याचे काम दीर्घकाळ रेंगाळले. भूसंपादन, वनजमिनीची परवानगी, निधीची चणचण आणि डोंगराळ प्रदेशातील वाढता खर्च ही त्याची कारणे. उजव्या कालव्यातही गळती, भराव खचणे, अस्तरीकरण उखडणे व वितरिका गाळाने भरणे हे दोष उद्‌भवले. मुरमाड जमिनीत कालव्याचे पाणी पाझरून जाते आणि शेपटाकडील शेतकऱ्यास आवर्तन अपुरे पडते. कालवा फुटला तर वरच्या गावचे भात वाहून जाते आणि खालच्या गावचे वाळून जाते.

हिशेबाच्या दृष्टीनेही शहराचे पारडे जड झाले. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लि. धरला जातो. त्यांपैकी ७,१७,०३७ दशलक्ष लि., म्हणजे जवळजवळ निम्मा, भातसाचा व १,४५,०८० दशलक्ष लि. तानसाचा आहे. शहापूर तालुक्यातील या दोन जलाशयांचाच वाटा सु. ६०% भरतो. भातसाच्या उपयुक्त साठ्याशी ताडून पाहिल्यास त्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग मुंबईच्या हिशेबात मोडतो. बहुउद्देशीय म्हणून आखलेला प्रकल्प व्यवहारात मुख्यतः नागरी पाणीपुरवठ्याचा झाला.

मुरबाड तालुक्याचा अनुभव : मुरबाडकडील नद्यांचा इतिहासही याच वळणाने गेला. बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले धरण १९७० नंतरच्या दशकात उपयोगात आले. त्यातून डोंबिवली, अंबरनाथ इ. औद्योगिक क्षेत्रांना व आसपासच्या शहरांना पाणी मिळते. पुढे धरणाची उंची वाढविण्यात आली, तेव्हा मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली इ. गावांचा प्रश्न उभा राहिला. विस्थापितांच्या दीर्घ संघर्षानंतर घरटी एका व्यक्तीस नोकरी देण्याचे तत्त्व येथे मान्य झाले. काळू नदीवरील प्रस्तावित धरणाबाबत परिस्थिती निराळी होती. वनविषयक परवानगी मिळण्यापूर्वीच काम सुरू झाल्याच्या कारणावरून श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबविले. भातसाच्या वेळी ग्रामस्थांच्या संमतीचा प्रश्न जवळजवळ विचारला गेला नव्हता. काळूच्या वेळी तोच अग्रभागी आला. चार दशकांत झालेला हा बदल ध्यानात घेण्याजोगा आहे.

टंचाईचे स्वरूप : धरणांच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का लागतात, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर अंशतः भूगोलात व अंशतः धोरणात आहे. शहापूर तालुक्याचा कसारा भाग व डोंगरपट्ट्यातील अनेक पाडे भातसा जलाशयाच्या पातळीहून बरेच उंच आहेत. कालवा वा नदी यांतून तेथे पाणी आपोआप पोहोचू शकत नाही; ते उचलून न्यावे लागते व त्यासाठी वीज, देखभाल आणि ग्रामपंचायतीस न झेपणारा आवर्ती खर्च लागतो. याच कारणाने घाटमाथ्यावरील इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी उताराने शहापूरच्या गावपाड्यांस देण्याची योजना पुढे आली. एकोणिसाव्या शतकात तानसाचे पाणी ज्या गुरुत्वाच्या तत्त्वावर मुंबईस नेले, त्याच तत्त्वाचा तालुक्याच्या स्वतःच्या गरजेसाठी विचार होण्यास सव्वाशे वर्षे लागली.

भूगोलाने सर्वच टंचाईचा उलगडा मात्र होत नाही. जलाशयाच्या लगत, वाहिन्यांच्या शेजारी आणि कालव्याच्या शेपटास जी गावे तहानलेली राहतात, त्यांच्याबाबत प्रश्न उंचीचा नसून वाटपाचा आहे. शहराची मागणी एका महापालिकेच्या रूपाने, निधी व अभियंत्यांसह, संघटितपणे मांडली गेली. खोऱ्याची मागणी शेकडो विखुरलेल्या पाड्यांची होती.

महत्त्व : नाणेघाट व थळ घाट यांच्या वाटा, १८५५ चा लोहमार्ग, १८९२ ची तानसा वाहिनी आणि त्यानंतरचा भातसा जलमार्ग या सर्वांची दिशा एकच, किनाऱ्याकडची. वाटेवरील गावांना त्यांतून काय मिळाले, हे प्रत्येक वाटेच्या रचनेवर ठरले. लोहमार्गाने स्थानक दिले, बंद नळाने काहीच दिले नाही, उघड्या नदीने पाणी दिले आणि शेतीच्या कालव्याने जेथवर तो पोहोचला तेथवर दुसरे पीक दिले. वाशिंदचे भाग्य असे, की ते स्थानकाच्याही व नदीच्याही काठी होते. काही किलोमीटरांवरच्या, थोड्या उंचीवरील पाड्यांस यांपैकी एकही लाभ मिळाला नाही. पाण्याच्या योजनेत साठ्याच्या आकड्यांइतकेच महत्त्व ते पाणी कोणत्या वाटेने व कोणासाठी उघडे ठेवून नेले जाते याला असते, ही गोष्ट या खोऱ्याच्या इतिहासातून स्पष्ट होते.